जुलाबाचे खापर दातांवर नको!

नागावच्या नारळी-पोफळीच्या वाडीत काय किंवा मुंबईच्या चाळीत काय, तान्ह्याला जुलाब झाले की ‘दात येताहेत’ म्हणून स्वस्थ बसतात. विद्यार्थिमित्रांनो, हे आपण खोडून काढले पाहिजे. दात येण्याच्या वयातच रोटाविषाणूही गाठतो, इतकेच! १९७३ साली ऑस्ट्रेलियात ओळखला गेलेला हा चाकासारखा विषाणू आतड्याच्या अस्तरातील पेशी मारतो. पाणी शोषले जात नाही, बाळ सुकते. विहीर स्वच्छ राखूनही तो पुरता टळत नाही. म्हणून ६, १० व १४ आठवड्यांचे मोफत थेंब हवेतच. पुण्याजवळ वढू येथेही २०११ पासून तपासलेल्या लशीने तीव्र रोटा-जुलाब निम्म्याहून थोडे अधिकच टळले. तेव्हा घरात जलसंजीवनीची पुडी असू द्या, अंगावरचे दूध चालू ठेवा आणि बाळ मलूल दिसताच दवाखाना गाठा.