या आठवड्याची बातमी



तुमच्या शाळेच्या दाराजवळ एक काळा फलक असेल. वरच्या कोपऱ्यात सुविचार, त्याखाली दिनविशेष आणि मधल्या मोठ्या जागेत बातम्या. मला हा फलक फार आवडतो. एखाद्या गावी गेलो आणि तिथल्या शाळेत जाण्याचा योग आला, की मी आधी फलक वाचतो. शाळा कशी आहे हे त्यावरून कळते, असे मला वाटत आले आहे.

पण हे फलक वाचता वाचता एक गोष्ट मला खटकू लागली. त्यांवरच्या बातम्या बहुधा तीनच प्रकारच्या असतात. कोणाला तरी बक्षीस मिळालेले असते, कोणी तरी पाहुणे येऊन गेलेले असतात, किंवा चाचणी परीक्षेची तारीख जाहीर झालेली असते. 'आपल्या शाळेतील मुलांनी या आठवड्यात अमुक काम केले आणि त्यामुळे अमुक माणसांची अडचण दूर झाली', अशी बातमी क्वचितच दिसते. याचा दोष फलक लिहिणाऱ्या मुलाला देऊ नका. तशी बातमी घडतच नाही, तर तो बिचारा लिहिणार काय? आणि ती घडत नाही, कारण ज्याच्यावर दुसरे कोणी अवलंबून आहे असे काम आपण मुलांच्या हाती देतच नाही. हे बदलले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे म्हणणे पटावे म्हणून तुम्हांला एका दूरच्या शाळेत घेऊन जातो. ब्रिटनच्या पश्चिम भागात वेल्स नावाचा प्रदेश आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंट डोनाट्स नावाचा जुना किल्ला समुद्राकडे तोंड करून उभा आहे. या किल्ल्यात १९६२ साली अटलांटिक कॉलेज सुरू झाले. नाव कॉलेज असले तरी ती माध्यमिक शाळेचीच शेवटची दोन वर्षे आहेत. साधारण सोळा ते एकोणीस वर्षांची मुले तिथे निरनिराळ्या देशांतून येतात आणि एकत्र राहतात.

ही कल्पना कुर्ट हान या शिक्षकाची. त्यांचा जन्म १८८६ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. जर्मनीत त्यांनी एक शाळा काढली होती. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ साली त्यांना तुरुंगात जावे लागले आणि सुटका झाल्यावर देश सोडावा लागला. पुढे स्कॉटलंडमध्ये त्यांनी दुसरी शाळा काढली. तिथली मुले किनाऱ्यावर पहारा देत आणि आग विझवायलाही जात. १९५५ साली पॅरिसमध्ये हान यांनी एक दृश्य पाहिले. दहाच वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांचे लष्करी अधिकारी तिथल्या एका महाविद्यालयात एकत्र शिकत होते. मोठ्या माणसांना हे जमते, तर वेगवेगळ्या देशांच्या मुलांना लहान वयातच एकत्र का शिकवू नये, असे त्यांच्या मनात आले. त्यातून ही शाळा उभी राहिली.

आता तिथला आठवडा पाहा. अभ्यास कमी नसतो. सहा विषय असतात. त्यांत एक स्वतःच्या भाषेचे साहित्य आणि एक दुसरी भाषा. विद्यार्थ्याच्या मातृभाषेचा शिक्षक शाळेत नसेल, तर तो त्या भाषेतली पुस्तके स्वतःच्या स्वतः वाचून परीक्षेला बसू शकतो. (आपली भाषा घरी आणि दुसरी शाळेत, ही कसरत तुम्ही रोज करता. तेव्हा यातली गंमत आणि कष्ट मी तुम्हांला वेगळे सांगायला नको.) चार हजार शब्दांचा एक मोठा निबंधही लिहावा लागतो. इतके झाले की अभ्यास संपतो, पण आठवडा संपत नाही. दुपारी आणि संध्याकाळी सेवेचे काम असते, आणि ते टाळता येत नाही.

सेवा म्हणजे काय, ते त्या काळच्या एकाच कामावरून सांगतो. किल्ल्यासमोरचा समुद्र दिसायला शांत असला तरी फसवा आहे. जगातल्या अत्यंत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक तिथे येते. पाणी झपाट्याने चढते आणि खडकांवर फिरायला गेलेली माणसे अडकून पडतात. होड्या भरकटतात. ब्रिटनमध्ये अशा वेळी धावून जाणारी एक मोठी संस्था १८२४ सालापासून काम करते. तिचे नाव रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. या संस्थेने १९६३ साली अटलांटिक कॉलेजमध्ये आपले एक केंद्र उघडले. केंद्रावरची बचाव नौका चालवणार कोण? शाळेतली मुले!

त्यांच्या पाळ्या लावलेल्या असत. ज्याची पाळी असेल त्याने तयार राहायचे आणि हाक आली की हातातले काम टाकून किनाऱ्याकडे धावायचे. १९६७ सालापासून शाळेत मुलीही येऊ लागल्या. दोनच वर्षांनी, १९६९ साली, नॉर्वेहून आलेल्या एका विद्यार्थिनीने बचाव नौकेचे नेतृत्व करण्याची पात्रता मिळवली. त्या संस्थेत हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री होती. कल्पना करा, त्या आठवड्यात शाळेच्या फलकावर काय लिहिले असेल!

पण मला याहून मोठी वाटते ती होडीची गोष्ट. सुरुवातीला मुले रबरी, हवेने फुगवलेल्या होड्या वापरत. किनारा खडकाळ. होडी ओढताना खालचे कापड घासून फाटे. दुरुस्त करावे, पुन्हा फाटावे, असे चालले. शाळेचे पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होर हे पूर्वी नौदलात मोठे अधिकारी होते. त्यांनी मुलांना बरोबर घेऊन शाळेच्या कार्यशाळेत प्रयोग सुरू केले. कापडाचा तळ काढला आणि त्या जागी प्लायवूडचा कडक तळ बसवून पाहिला. तळ कडक, बाजू हवेच्या. एक नमुना जमला नाही की दुसरा. अशी अनेक वर्षे गेली. शेवटी जी होडी तयार झाली ती लाटांवर वेगाने जाई आणि सहसा बुडतही नसे. त्या मोठ्या संस्थेने ती स्वीकारली आणि शाळेच्या आठवणीसाठी तिच्या एका प्रकाराला 'अटलांटिक २१' हे नाव दिले. होर यांनी या शोधाचे हक्क नाममात्र एका पौंडाला देऊन टाकले. या जातीच्या होड्या आज जगभरातले नौदल आणि तटरक्षक दल वापरतात.

या शोधाचे मूळ कशात होते, हे नीट पाहा. तो विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला नव्हता, आणि त्याला कोणी गुण देणार नव्हते. पुढच्या वेळी होडी फाटली तर समुद्रात एखादा माणूस बुडेल, हे त्या मुलांना ठाऊक होते. म्हणून त्यांचे डोके चालले.

हे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, 'किल्ला, समुद्र, मोटारहोडी! हे श्रीमंतांचे खेळ झाले.' तुमचा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. अशा शाळांचा खर्च खरोखरच मोठा असतो. काहींना शिष्यवृत्ती मिळते, पण सगळ्यांना मिळत नाही. याच परिवारातले एक कॉलेज १९९७ सालापासून आपल्या पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातल्या डोंगरावर चालते. तिथेही देशोदेशीची मुले येतात आणि सेवेचे काम करतात. तरी आसपासच्या साध्या शाळेतल्या मुलाला ते आपले वाटेलच असे नाही. पण मी तुम्हांला किल्ला बांधा असे सांगत नाही. त्या शाळेच्या आठवड्यातले जे सर्वांत मोलाचे आहे, ते विकत मिळत नाही. 'आज तू आला नाहीस तर चालणार नाही', हे एका मुलाला कळणे, याला कितीसा पैसा लागतो?

दुसरा आक्षेप पालक घेतात. अशाने अभ्यास बुडेल, असे त्यांना वाटते. आठवड्यातला एक तास गेल्याने अभ्यास बुडत असेल, तर तो आधीच बुडालेला असतो. यावर मी अधिक काही बोलत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला स्वतःलाच छळतो. सेवेचे नाटक होते. माझ्या लहानपणची गोष्ट सांगतो. आमच्या शाळेत २ ऑक्टोबरला श्रमदान असे. एका वर्षी कोणी मोठे पाहुणे येणार होते. शिपाईमामांनी आदल्या संध्याकाळीच मैदान स्वच्छ झाडून ठेवले. सकाळी छायाचित्रकार आला आणि म्हणाला, 'अहो, झाडायला काही तरी हवे ना!' मग आम्ही कुंपणाकडेचा पाला गोळा करून आणला, मैदानावर पसरला आणि पाहुण्यांसमोर पुन्हा झाडला. छायाचित्र सुरेख आले. ते कित्येक वर्षे कार्यालयात टांगलेले होते. कार्यानुभवाच्या वहीत आम्ही सर्वांनी लिहिले, 'श्रमदानाचे महत्त्व समजले.' शिपाईमामांनी तो पाला मग तिसऱ्यांदा गोळा केला.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. ज्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला ती मुले बसतात, तिच्यात सेवेसह इतर उपक्रमांसाठी पूर्वी दोन वर्षांत सुमारे दीडशे तासांची अट होती. तास मोजायचे म्हटले की वही भरण्याकडे लक्ष जाते आणि माणसाकडे दुर्लक्ष होते. पुढे ही अट काढून टाकावी लागली.

मग खरी सेवा आणि नाटकी सेवा ओळखायची कशी? माझी कसोटी सोपी आहे. तुम्ही गेला नाहीत तर कोणाचे अडते का? अडत असेल तर ते काम खरे. आमच्या पाल्याविना कोणाचे काही अडले नव्हते.

या कसोटीला उतरणारे एक काम तुमच्याच मोहल्ल्यात तुमची वाट पाहत आहे. विजेचे बिल मराठीत येते. शिधापत्रिकेचा अर्ज मराठीत असतो. नगरपालिकेची नोटीस, तलाठ्याकडचा कागद, गावच्या बसची पाटी, सारे मराठीत. तुमच्या गल्लीत अशी कितीतरी वडीलधारी माणसे असतील, ज्यांना उर्दू उत्तम वाचता येते, पण हे कागद वाचता येत नाहीत. मग त्यांना कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. काही जण त्यासाठी पैसेही मोजतात. आणि तुम्ही? तुम्ही कित्येक वर्षे मराठी शिकत आहात. काना, मात्रा, वेलांटीसाठी गुण गमावत आहात. ज्या विषयाला तुम्ही 'दुसरी भाषा' म्हणून कंटाळता, त्याचा तुमच्या दादीला आणि शेजारच्या चाचांना केवढा उपयोग आहे, याचा कधी विचार केला आहे का?

समजा, आठवी-नववीच्या चार मुलामुलींनी ठरवले, की दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास शाळेच्या व्हरांड्यात बाक टाकून बसायचे. जो येईल त्याचा कागद वाचून दाखवायचा, त्याचा अर्थ उर्दूत सांगायचा, अर्ज भरून द्यायचा. एखादा शब्द अडला तर मराठीच्या सरांना किंवा बाईंना विचारायचे. ठोकून द्यायचे नाही, कारण चुकीच्या रकान्यातली खूण खऱ्या माणसाला भोवते. सहीची जागा रिकामी ठेवायची; सही ज्याची त्यानेच करायची. आणि कोणाच्या कागदात काय होते, हे बाहेर बोलायचे नाही. ती अमानत आहे. हा शब्द मी तुमच्याकडूनच घेतला, कारण मला त्याहून नेमका शब्द सापडला नाही.

अटलांटिक कॉलेजमधले बचाव केंद्र पन्नास वर्षे चालले आणि २०१३ साली बंद झाले. तोवर आसपासच्या केंद्रांवर वेगवान होड्या आल्या होत्या. ज्या दिवशी काम उरले नाही त्या दिवशी केंद्र मिटले, यात मला वाईट काही दिसत नाही. तुमचा बाकही एक दिवस लागेनासा होईल. गल्लीतल्या प्रत्येक घरात मराठी वाचणारे कोणी तरी असेल, तेव्हा तो खुशाल उचलून आत ठेवा.

तोवर पहिल्या शनिवारी कदाचित कोणी येणार नाही. दुसऱ्या शनिवारी एखाद्या बाई विजेचे बिल घेऊन येतील आणि जरा अविश्वासाने विचारतील, 'तुला हे येते का, बेटा?' तिसऱ्या शनिवारी तुमची क्रिकेटची मॅच असेल, आणि त्या बाईंनी शेजारणीलाही बरोबर आणलेले असेल. त्या दिवशी बाकावर कोण बसले, ते सोमवारी फलकावर लिहा. गावात आलो की मी वाचीन.