ओळखीचा माणूस वेगळा, जामीनदार वेगळा

व्हिसाचा फॉर्म भरताना आपली पोरं एका रकान्यापाशी हमखास अडतात. ‘तिकडे तुमच्या ओळखीचं कोण? नाव, पत्ता, फोन लिहा.’ ज्यांचे काका-मामा लंडन नाहीतर न्यू जर्सीत आहेत, त्यांना हे लिहायला अर्धा मिनिट पुरतो. पण नंदुरबार, धुळे, जळगावहून सुरतेच्या कापड कारखान्यांत आलेल्या, लिंबायत-उधना-डिंडोलीत राहणाऱ्या घरातल्या पोराकडे लिहायला नावच नसतं. मग तो फॉर्म बाजूला ठेवतो. नाहीतर एखादा एजंट सांगतो, ‘नाव मी देतो, तू फक्त पैसे दे.’

मी नंदुरबारची, सुरतेत राज्यशास्त्र शिकते. माझं म्हणणं सरळ आहे. ही भीती दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे येते. संपर्क म्हणजे तुम्हाला शोधायचं झालं तर फोन कुणाला करायचा. हमी म्हणजे तुमचा खर्च नाहीतर जबाबदारी कुणी अंगावर घेतली. पहिल्यात नाव लागतं, दुसऱ्यात सही लागते.

अमेरिकेचंच बघा. फिरायला जाण्याच्या व्हिसासाठी तिथला संपर्क विचारतात, पण तो नातेवाईकच हवा असं नाही. संस्था चालते, हॉटेल चालतं. शिकायला जाणाऱ्याला कॉलेजचं नाव देता येतं. फिरायला जाणाऱ्याला निमंत्रणपत्र लागत नाही, निर्णय अर्जदाराची स्वतःची परिस्थिती बघून होतो, असं त्यांचं परराष्ट्र खातंच सांगतं. पण नातेवाईकाला कायमचं तिकडे न्यायचं असेल तर आय-८६४ नावाच्या कागदावर सही करावी लागते, आणि ती कायद्याने बांधते. जर्मनीत पाहुण्याची लेखी हमी घेतली आणि त्याच्यावर सरकारी पैसा खर्च झाला, तर तो हमी देणाऱ्याकडून वसूल होऊ शकतो, साधारण ५ वर्षांपर्यंत.

आपल्या देशातही असंच आहे. भारताच्या व्हिसासाठी परदेशी माणसाला इथल्या एका ओळखीच्याचं नाव द्यावं लागतं. तो पाहुणा तुमच्या घरी उतरला तर २४ तासांत ठरलेला फॉर्म भरून कळवायचं असतं. ही माहिती देण्याची जबाबदारी झाली. त्याच्या चालचलनाचे तुम्ही जामीनदार झालात असा त्याचा अर्थ नाही.

मोठं नाव पाठीशी असलं की दार उघडतं, हा समज सुरतेत तरी कुणी ठेवू नये. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स सुरतेला उतरला तेव्हा त्याच्याकडे इंग्लंडच्या राजाचं मुघल बादशहासाठी दिलेलं पत्र होतं. तरी व्यापाराची पक्की परवानगी हाती न लागता १६११ मध्ये त्याला आग्रा सोडावं लागलं.

हमीदाराच्या हातात किल्ली गेली की काय होतं, ते आखाती देशांत दिसतं. तिथल्या कफाला पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाच्या नावाला बांधलेला. नोकरी बदलायची, घरी परतायचं, तरी मालकाची परवानगी. कतारने बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवानगीची अट २०१८ मध्ये काढली, आणि नोकरी बदलायला मालकाचं ना हरकत पत्र लागायचं, ते २०२० मध्ये. म्हणजे इतकी वर्षं माणूस दुसऱ्याच्या सहीवर अडकून होता.

आणि हे फक्त परदेशातच चालतं असं समजू नका. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला कुणी कागद मागत नाही. देशात कुठेही फिरायचा, राहायचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिलाय. पण सुरतेत खोली शोधताना एका घरमालकाने मला विचारलंच, ‘इथला कोणी गुजराती माणूस जामीन राहील का?’ पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करायची म्हणून कागदपत्रं मागितली असती तर मी लगेच दिली असती. त्याला माझ्या वतीने दुसरं कुणीतरी बोलायला हवं होतं.

परक्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर कळवायचं कुणाला, हे सरकारला माहीत हवं, मान्य. त्यासाठी फोन नंबर पुरतो. जिथे सही मागता तिथे त्या सहीने नेमकं काय अंगावर येतं, ते फॉर्मवरच साध्या भाषेत छापा. ज्याचं तिकडे कुणी नाही त्याचं कॉलेज, हॉटेल, संस्था संपर्क म्हणून धरा. आणि हमी देणाऱ्याला माणूस अडवून ठेवायचा हक्क कुठल्याच देशात नको.

आपणही दोन गोष्टी पाळूया. एजंटकडून नाव विकत घेऊ नका. खोटी माहिती सापडली तर कॅनडा ५ वर्षं दार बंद करतो, अमेरिकेत बंदी कायमचीही होऊ शकते. आणि नात्यातल्या कुणी ‘फक्त एक सही कर’ म्हटलं तर आधी कागद पूर्ण वाचा.

आपल्यातले जे पुणे, सुरत, दुबई, टोरांटो कुठेही पोचलेत, त्यांनी गावाकडून येणाऱ्या पुढच्या पोराला आपला पत्ता आणि फोन नंबर लिहायला द्यावा. जामीन राहायची गरज नाही. त्याच्या फॉर्ममधला तो रकाना तेवढ्यानेही भरतो.