परखी लावल्यावाचून घर घेऊ नये

धान्याच्या व्यापाऱ्यास परखीचे महत्त्व सांगावयास नको. पोत्याच्या तोंडाशी दिसणारा गहू कितीही पिवळाधमक असो, पोटात परखी घालून मूठभर दाणे तळहातावर घेतल्याखेरीज आपल्यापैकी कोणीही भाव बोलत नाही. ओल किती, कीड किती, माती-काडी किती हे पाहावे आणि मगच सौदा करावा, ही आपली रीत. परंतु हेच आपण जन्मभराची पुंजी घालून घर घेण्यास निघालो म्हणजे दर्शनी भिंतीचा नवा रंग पाहतो आणि इसार देऊन मोकळे होतो. या विसंगतीविषयी व्यापारी बंधूंपुढे चार शब्द मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आजच हा विषय घेण्यास कारणही तसेच आहे. जामसांवलीच्या निद्रिस्त मारुतीच्या दर्शनास मंगळवारी व शनिवारी लोटणारी गर्दी आपण पाहतोच. २०२३ साली तेथे हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले आणि त्याच वर्षी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. साहजिकच दुकानासाठी, यात्रेकरूंच्या निवासासाठी, मुलांच्या बिऱ्हाडासाठी जुनी घरे घेण्याकडे आपल्या मंडळींचे लक्ष वळले आहे. घाईच्या सौद्यात नुकसान लवकर होते, हा बाजाराचा जुनाच अनुभव आहे.

आमचीच गोष्ट सांगतो. २०१२ सालच्या वैशाखात आम्ही एक जुने दुमजली घर घेतले. कागदपत्रे वकिलाकडून तपासून घेतली, ती चोख होती. घरही नुकतेच रंगवलेले होते. आषाढात मागच्या खोलीचे दार लागेनासे झाले. पुढच्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, तीत बोट जाई. तेव्हा कोठे आम्ही अभियंता बोलाविला. त्याने एका कोपऱ्याशी खणून दाखविले. पाया जेमतेम दोन हात खोल होता, तोही निव्वळ काळ्या मातीत. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. शेतकऱ्याचे पोरही जी गोष्ट जाणते, ती आम्हांस घर घेताना आठवली नाही! जुन्या भेगा गिलाव्याने बुजवून वर रंग दिला होता. पुढे दुरुस्तीस जो खर्च आला, त्यात आणखी एक मजला उभा राहिला असता.

कोणी म्हणेल, कायदा नाही काय? आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास सामान्य सावधगिरीने न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. परंतु दोष विक्रेत्यास ठाऊक होता हे सिद्ध करावयाचे म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या झिजविणे आले. २०१६ च्या रेरा कायद्याने बांधकामातील दोषाबद्दल ताबा दिल्यापासून ५ वर्षे जबाबदारी घातली आहे, ती विकासकावर. जुने घर विकणाऱ्या गृहस्थास ती लागू नाही. बँकेचा मूल्यमापक येतो तो कर्जास तारण पुरेसे आहे की नाही हे पाहण्यास; छत गळते काय, हे पाहणे त्याचे मुख्य काम नव्हे.

अमेरिकेत घर घेणारा बहुधा स्वतःच्या खर्चाने एक त्रयस्थ तपासनीस नेमतो. १९७६ पासून तेथे अशा तपासनीसांची संस्थाही आहे. तपासनीस छत, पाया, नळ, वीज असे सर्व पाहून लेखी अहवाल देतो. तो पाहून भाव कमी होतो, दुरुस्ती ठरते किंवा सौदा मोडतो. आपल्याकडे असा परवानाधारक स्वतंत्र पेशा नाही, पण अनुभवी स्थापत्य अभियंता आहे. त्याच्याकडून पाया, जोत्याची ओल, छतातील गंजलेल्या सळया, लाकडातील वाळवी, विजेचे अर्थिंग, मैल्याची टाकी व विहीर यांतील अंतर आणि नदीकाठ असल्यास पुराची खूण, एवढे तरी पाहून घ्यावे. दगड-मातीच्या जाड भिंतींची जुनी घरे विशेष काळजीने पाहावीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीस अशाच भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप तर आपल्याच राज्यातला. शक्य तर घर एकदा उन्हाळ्यात व एकदा पावसाळ्यात पाहावे.

लहान गावात आणखी एक अडचण असते. विक्रेता ओळखीचा, बहुधा नात्यातला. 'अभियंता आणतो' म्हटले की त्यास अपमान वाटतो. आम्ही विचारतो, पोत्यास परखी लावली म्हणून कोणता शेतकरी आजवर रुसला आहे?

आता विकणाऱ्याविषयी. २०१८ साली आम्ही तेच घर विकावयास काढले. दुरुस्तीने भिंती सावरल्या होत्या, पण मागची खोली कललेलीच राहिली होती. दलाल म्हणाला, "शेठजी, रंग मारा आणि उन्हाळ्यात विका." खोटे कशाला बोलावे, दोन रात्री आमच्याही मनात तेच घोळत होते. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "घेणाऱ्याची लेकरेही त्याच भिंतीशी निजणार ना?" मग आम्ही अभियंत्याचा अहवाल करून घेतला व येईल त्याच्या हाती ठेवला. दोन गिऱ्हाइके परत गेली. तिसऱ्याने घेतले, आमच्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी किमतीस. तो तोटा आम्हांस आजही आठवतो. त्याबद्दल झोप मात्र कधी मोडली नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे चांगल्याच्या नावाखाली हिणकस माल देणे, हा एक सांगितला आहे. धान्यात खडे मिसळणे आणि भेगेवर रंग देणे यांत आम्हांस तरी भेद दिसत नाही.

सूचना एकच. आपल्या असोसिएशनने दोन-तीन जाणत्या, शक्य तर सेवानिवृत्त अभियंत्यांची यादी करावी व वाजवी फी ठरवून द्यावी. फी घेणाऱ्याने द्यावी, अहवाल लेखी असावा, तपासणाऱ्याने त्याच घराच्या दुरुस्तीचे काम घेऊ नये व दलालाकडून काहीही स्वीकारू नये. आणि घर विकणाऱ्या सभासदाने ज्ञात दोष कागदावर लिहून द्यावेत. घराच्या किमतीपुढे ही फी किरकोळ आहे. परखीने सांडलेल्या मूठभर दाण्यांचा हिशेब आपण कधी मांडतो काय?