यंत्र पवईत असू द्या, पहिली मिनिटं इथे सांभाळा

एम.एस्सी.च्या वर्गात मास स्पेक्ट्रोमेट्री शिकवताना मी इन्शुलिनचं उदाहरण घेतो. ते आपल्या वाळूजलाच तयार होतं, त्यामुळे मुलांना जवळचं वाटतं. फ्रेडरिक सँगर यांनी 1945 साली याच इन्शुलिनच्या साखळ्यांना पिवळा रंग देणारं रसायन जोडून त्यांची टोकं ओळखली. पेप्टाइडला रासायनिक खूण लावण्याची ती रीत आज कर्करोगाच्या संशोधनात पोचली आहे आणि त्यात मराठवाड्याचा वाटा असायला हवा.

कर्करोगाच्या गाठीतली आणि शेजारच्या निरोगी भागातली प्रथिनं ट्रिप्सिन या विकराने तोडतात. दोन्हींच्या तुकड्यांना, म्हणजे पेप्टाइड्सना, टीएमटीची (टँडम मास टॅग) वेगवेगळी लेबलं जोडतात आणि सगळं एकत्र करून मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात सोडतात. लेबलांचं एकूण वजन सारखंच. फक्त जड कार्बन आणि नायट्रोजन त्यांत निराळ्या जागी बसवलेले. म्हणून दोन्हीकडचं पेप्टाइड आधी एकाच वजनाचं दिसतं. ते फोडलं की लेबलाचा बारीक तुकडा सुटतो: एकाचा 126 वजनाचा, दुसऱ्याचा 127. त्यांच्या शिखरांच्या उंचीवरून कळतं, कोणतं प्रथिन गाठीत किती वाढलं.

हे यंत्र कोट्यवधींचं. ते इथे आणा, असं मी म्हणत नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत ते आहे. 2018 मध्ये आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटशी याच क्षेत्रासाठी करारही केला. माझी मागणी त्याआधीच्या पायरीची आहे. गाठ शरीरातून काढल्यावर काही मिनिटांतच प्रथिनांवरचे फॉस्फेट बदलू लागतात. मग कितीही महागडं यंत्र असो, ते बिघडलेला नमुनाच मोजणार.

बीड, जालना, परभणीहून तंबाखूने तोंड पोखरलेली माणसं आपल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात येतात. तिथे शस्त्रक्रियागृहाला लागूनच द्रव नायट्रोजन, उणे 80 अंशांचा फ्रीझर, साध्या मराठीतलं संमतिपत्र आणि वेळेची नोंद ठेवणारा प्रशिक्षित माणूस, एवढी व्यवस्था कायमची हवी. प्रथिनं तोडणं, लेबल लावणं हे काम विद्यापीठातली मुलं शिकू शकतील. सुकवलेली पेप्टाइड्स गोठवून पवईला नेता येतात. वाळूज-शेंद्र्याच्या औषध कंपन्यांनाही अशी हात बसलेली मुलं हवीच आहेत.

जिल्हा नियोजन समितीने यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि विद्यापीठाने रुग्णालयाशी करार करावा, ही माझी दोघांनाही कळकळीची विनंती आहे.