वाळूखालचा वंशच्छेद

थरच्या वाळवंटातील धोऱ्यांच्या, म्हणजे वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांच्या, सैल वाळूत एक सापसुरळी अक्षरशः पोहते. ऑफिओमोरस रैथमाई हे तिचे शास्त्रीय नाव. स्वतंत्र प्रजाती म्हणून तिची नोंद झाली 1966 साली. वीतभरही नसलेला देह, पाचरीसारखे मुस्कट, खुरटलेले पाय आणि प्रत्येक पायाला तीनच बोटे. उत्क्रांतीने तिला भुसभुशीत वाळूसाठी घडविले आणि त्याच प्रक्रियेत अन्य भूमीची दारे तिच्यासाठी बंद केली. घट्ट मातीत ती शिरू शकत नाही आणि उघड्या कठीण जमिनीवरून दूरचा धोरा गाठणे त्या पायांच्या कुवतीबाहेरचे आहे.

अशा जिवाचे एकमेव घर शासनाच्या दफ्तरी ‘पडीक’ आहे! देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात वाळवंटी वाळूला स्वतंत्र वर्गच बहाल झाला आहे. एकदा जमीन पडीक ठरली, की तिथे राहणारे कोण, हे विचारण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. 1958 साली काम सुरू झालेल्या आणि आज इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाने तहानलेल्या प्रदेशाला पाणी दिले, हे निर्विवाद. पण त्यापाठोपाठ धोरे सपाट झाले, पाझराने कुठे दलदल झाली, कुठे क्षार वर आले. वाळू रोखण्यासाठी लावलेल्या विलायती बाभळीच्या मुळांनी उरलीसुरली वाळूही जखडली.

आता पाळी सौरऊर्जेची. राजस्थानातील भडला येथील एकाच सौर उद्यानाने साडेपाच हजारांहून अधिक हेक्टर व्यापले आहेत. सौरऊर्जा देशाला हवीच. परंतु 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेतील पूर्वपरवानगीतून अशा प्रकल्पांना मिळालेली सूट अक्षम्य आहे. जे मोजलेच नाही ते नष्ट झाल्याचे सिद्ध कोण करणार? धोऱ्यांचे तुकडे पडतील, प्रत्येक तुकड्यातील मूठभर सापसुरळ्या एकमेकींपासून तुटतील, आप्तसंकराने वंश खंगेल, वाळूतील कीटकांचा एक भक्षक जाईल आणि तिच्यावर जगणाऱ्यांचा घास हिरावला जाईल. डौलदार माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मग वाळूखालच्या या अदृश्य जिवाची याचिका कोण दाखल करील?

महाराष्ट्राने याकडे परप्रांतीची वार्ता म्हणून पाहू नये. कोकणातले सडे आणि देशावरचे माळ आपल्याही सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणूनच चढतात आणि त्याच सबबीवर विकले जातात.

राजस्थान व केंद्र शासनाने धोऱ्यांना ‘पडीक’ वर्गातून तत्काळ वगळावे. सपाटीकरणाचे यंत्र लावण्यापूर्वी वाळूखालच्या जिवांचे ऋतुनिहाय सर्वेक्षण बंधनकारक करावे आणि सलग धोऱ्यांचे पट्टे प्रकल्पांच्या आराखड्यातच राखून ठेवावेत. भाडेपट्टा झाल्यावर केलेले सर्वेक्षण म्हणजे केवळ पंचनामा होय.