राखीव फौजेचा खर्च कोणी सोसायचा?

अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला परिचारिकेचा परवाना हिंगोली जिल्ह्यात राहून जिवंत ठेवावयाचा, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. ज्या रुग्णालयाची पायरीही चढलेली नाही, ज्या देशाचा व्हिसा हाती नाही, तेथे काम करण्याचा अधिकार कळमनुरीच्या किंवा वसमतच्या मुलीने दर दोन-तीन वर्षांनी डॉलर मोजून नवा करून घ्यावयाचा! परंतु यात चमत्कार कसलाच नाही. यात एक सरळ हिशेब आहे. तो समजून न घेता ‘या मुली डॉलरमागे धावतात’ असा शेरा मारून मोकळे होणारे लोक चळवळीतही आहेत, म्हणून तो एकदा उलगडून मांडला पाहिजे.

मराठवाड्यातून परदेशी जाणाऱ्या परिचारिकांची संख्या केरळच्या तुलनेने अल्प आहे. पण वाट तीच आहे. परदेशी शिकलेल्या परिचारिकांची कागदपत्रे तपासण्यासाठी अमेरिकेत १९७७ साली एक स्वतंत्र आयोग स्थापन झाला. १९९६ च्या तेथील कायद्याने व्हिसासाठी खास प्रमाणपत्र सक्तीचे केले. शिक्षण तेथल्या तोडीचे आहे काय, मायदेशातील नोंदणी निर्वेध आहे काय, इंग्रजी येते काय, हे त्यात पाहिले जाते. शिवाय एनक्लेक्स नावाची परीक्षा आहेच. ती भारतात बसून देता येते, ही मोठी सोय म्हणून सांगितली जाते. या सोयीचे मोल २०० डॉलर परीक्षेचे आणि १५० डॉलर अमेरिकेबाहेर बसण्याचे, म्हणजे सुमारे तीस हजार रुपये. लहान खाजगी रुग्णालयातील परिचारिकेचा महिन्याचा पगार यात बुडतो, आणि तरीही हा केवळ उंबरठा असतो.

परीक्षा उत्तीर्ण झाली, परवाना मिळाला. पुढे काय? पुढे रांग. अमेरिका नोकरीच्या आधारे दरसाल सुमारे १,४०,००० कायम वास्तव्याचे व्हिसा देते, आणि त्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा ७ टक्क्यांवर जाऊ देत नाही. देशाची लोकसंख्या चार लाख असो वा एकशे चाळीस कोटी, मर्यादा तीच! परिचारिका ज्या वर्गात मोडतात त्याच वर्गात भारतातील संगणक अभियंत्यांचे अर्ज थप्पीने पडलेले आहेत. त्यामुळे भारतीय परिचारिकेचा नंबर लागावयास दहा वर्षांहून अधिक काळ जातो. विशीत अर्ज करणारी मुलगी पस्तिशीला टेकते. दरम्यान लग्न होते, मुले होतात, सासू आजारी पडते. परवाना मात्र थांबत नाही. त्याची मुदत आपली सरतच राहते.

कॅलिफोर्नियाचा परवाना दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्यासाठी ३० तासांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण दाखवावे लागते. टेक्साससाठी दोन वर्षांत २० तास. म्हणजे दहा वर्षांच्या रांगेत पाच नूतनीकरणे आली. व्हिसाचे ते खास प्रमाणपत्र पाच वर्षांत शिळे होते. इंग्रजीचे गुण तर दोनच वर्षांत, जणू कळमनुरीच्या हवेत इंग्रजी नासतेच! चाळीसहून अधिक राज्यांनी एकत्र येऊन एकच परवाना सर्वत्र चालेल अशी जी व्यवस्था केली आहे, तिचा लाभ तेथील रहिवाशांना. परदेशात राहणारीला एका राज्यापुरताच परवाना. मुदत चुकली तर? कॅलिफोर्नियात परवाना आठ वर्षांहून अधिक काळ निपचित राहिला आणि दुसऱ्या राज्याचा चालू परवाना नसला, तर परीक्षेपासून पुन्हा आरंभ. इकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीही दर पाच वर्षांनी नवी करावयाची, तिच्यासाठी प्रशिक्षणाचे तास वेगळे. आणि इकडचे तास तिकडे सहसा धरत नाहीत. परिषदेने नोंदणीचा दाखला परस्पर अमेरिकेला धाडावयाचा असतो. तो धाडला की नाही हे पाहण्यासाठी पाचशे किलोमीटरांहून दूरच्या मुंबईला खेटे घालणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी दलाल बसलेले आहेतच.

वसमतच्या हळदीच्या शेतकऱ्याला हे गणित लवकर समजेल. भाव येईल या आशेवर हळद गोदामात ठेवावयाची, गोदामाचे भाडे शेतकऱ्याने भरावयाचे, कीड लागली तर नुकसान त्याचे. आणि भाव कधी उघडावयाचा हे मात्र व्यापारी ठरवणार. येथे हळदीच्या जागी माणसाचे कसब आहे. अमेरिकेला परिचारिका कमी पडल्या तेव्हा १९८९ साली तिने खास कायदा करून दार उघडले आणि १९९५ साली ते लावून घेतले. १९९९ साली पुन्हा एक फट उघडली, तीही वर्षाला ५०० जणींपुरती. २००९ साली तीही बंद. बेकारांची राखीव फौज भांडवलाला लागते हे कार्यकर्त्यांना अभ्यासवर्गात शिकवले जाते. परंतु येथे एक पाऊल पुढे टाकले गेले आहे. ही फौज शिकलेली आहे, परीक्षा उत्तीर्ण झालेली आहे, परवानाधारक आहे, आणि तिच्या शिधापाण्याचा खर्च तीच करते. अमेरिकेच्या रुग्णालय-धंद्याने या मुलीच्या शिक्षणाला एक पैसा दिला नाही, तिच्या दहा वर्षांच्या ताटकळण्याला दिला नाही, आणि तरीही गरज पडेल त्या दिवशी ती ताजी, अद्ययावत, निष्कलंक कागदपत्रांसह हजर असली पाहिजे.

यावर ठरलेले उत्तर येते: कोणी सक्ती केली आहे? ती स्वेच्छेने जाते. स्वेच्छा हा शब्द उच्चारण्यापूर्वी ती इच्छा कोठे घडते ते पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेल्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितले की, ५० खाटांहून लहान खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांहून कमी पगार नसावा, आणि २०० खाटांहून मोठ्या रुग्णालयात तो सरकारी परिचारिकेइतका असावा. केंद्राने ही शिफारस राज्यांकडे धाडून हात झटकले. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे रुग्णालयांच्या मालकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारी नोकरीकडे पाहावे, तर तेथे कंत्राट. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिका संपावर उतरल्या त्या बाहेरच्या कंपन्यांमार्फत भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध. करोनाच्या काळात ज्यांच्यासाठी टाळ्या आणि थाळ्या वाजल्या, त्यांनाच दोन वर्षांत असे रस्त्यावर यावे लागले.

आणि रुग्णाचे काय? ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. हिंगोली जिल्ह्यातील गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे तेथेच नेले जातात. बदल्यांमुळे मनुष्यबळ अपुरे पडल्याचे तेथील प्रमुखांनी सांगितले. दोन दिवसांनी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार तेथे पोहोचले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. चित्रफीत देशभर फिरली. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती अर्भके असतात, हा प्रश्न त्या चित्रफितीत कोठे नव्हता. झाडू दाखवता येतो, रिकामे पद दाखवता येत नाही.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात, आणि त्यांतील बहुसंख्य लोक खेड्यांत. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी येथील १०० जागांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, तेही पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीवरून, राज्यातील इतर नऊ महाविद्यालयांबरोबर एकाच दमात. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु डॉक्टरांच्या १०० जागांनी रुग्णालय उभे राहत नाही. खाटेजवळ रात्रभर जागते ती परिचारिका असते. त्याच २०२४ सालच्या फेब्रुवारीत राज्य सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी करार केला, तो महाराष्ट्रातून कुशल मनुष्यबळ तिकडे पाठविण्याचा, आणि त्यात परिचारिकाही आहेत. ज्या सरकारला स्वतःच्या वॉर्डांत कायम पदे भरण्यास पैसा नाही, त्याने परक्यांच्या वॉर्डांची चिंता वाहावी, याला परोपकार म्हणावे की दलाली?

येथे मुकादमाची आठवण होणे अपरिहार्य आहे. सेनगाव-कळमनुरी भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे उचल घेतात आणि हंगामभर त्या उचलीला बांधली जातात. परिचारिकांच्या दलालीत उचल उलटी आहे. येथे आधी पैसे मजुराने मोजावयाचे. बांधणे मात्र तेच. न्यूयॉर्कमधील फिलिपिनी परिचारिकांच्या करारात, मुदतीआधी नोकरी सोडल्यास २५,००० डॉलर दंड, अशी अट होती. २०१९ साली ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयाने ती अट अवैध ठरवली, आणि मालकांनी मानवी तस्करीविरोधी कायद्याचा भंग केल्याचा निर्णय दिला. वेठबिगारी म्हटले की डोळ्यांपुढे वीटभट्टी येते. पांढऱ्या गणवेशातही ती असू शकते.

मग काही साथी म्हणतात, जाण्यावरच बंदी घाला. सरकारी खर्चाने शिकलेल्यांना बाहेर जाऊ देऊ नका. हा विचार वरवर समाजवादी वाटतो; वस्तुतः तो जमीनदारी वळणाचा आहे. फिलिपाइन्सने २०२० साली साथीच्या काळात परिचारिकांच्या परदेशगमनावर बंदी घातली. काही महिन्यांतच ती उठवून वर्षाला ५,००० ची मर्यादा घालावी लागली. घरचा पगार न वाढवता दार लावणे म्हणजे स्वस्त मजूर मालकाच्या हवाली करणे होय. इथल्या खाजगी रुग्णालयांच्या मालकांना अशा बंदीचा आनंदच होईल. पूर्वी तेच हातचे मूळ प्रमाणपत्र अडकवून ठेवीत आणि सेवेचा बंध लिहून घेत. २०११-१२ साली देशभर परिचारिकांचे जे संप झाले ते याच जाचाविरुद्ध होते. मुलीला जाण्याचा हक्क आहे, तसाच न जाता मानाने जगण्याचाही हक्क आहे. दुसरा हक्क नाही म्हणून पहिला काढून घेणे हा न्याय नव्हे.

पैसा मागावयाचा तो मुलीकडून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१० साली आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीची आचारसंहिता संमत केली. प्रत्येक देशाने आपल्या गरजेपुरते मनुष्यबळ स्वतः घडवावे, असे ती सांगते. ती ऐच्छिक आहे, हे तिचे दुबळेपण. ज्या देशांतून भरती करू नये अशा तुटीच्या देशांची जी यादी संघटना काढते, तीत भारत नाही. दिल्लीच्या आकडेवारीत हिंगोली विरघळून जाते, त्याचे हे फळ. पण जर्मनीशी करार करणाऱ्या राज्याला दरडोई प्रशिक्षणाचा खर्च मागण्यापासून कोणी अडवले आहे? तो पैसा परिचर्या विद्यालयांवर खर्च व्हावा, ही अट करारात का नसावी?

तोवर कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम जिल्ह्यातच आहे. ज्या मुलींकडे परदेशी परवाना आहे त्यांना दलालाच्या तोंडून नियम कळतात. ते संघटनेकडून कळले पाहिजेत. उदाहरणार्थ, न्यूयॉर्कचा परवाना एकदा मिळाला की रद्द होईपर्यंत कायमचा असतो. तीन वर्षांनी नवी करावयाची ती केवळ नोंदणी, आणि तेथे काम करीत नसल्यास ती फी न भरता निष्क्रिय ठेवता येते. इतरही अनेक राज्यांत परवाना निष्क्रिय ठेवण्याची सोय आहे. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे दलालाला ‘परवाना वाचविण्याचे’ पैसे भरणारीला डॉलरवेडी म्हणणे सोपे असते, तिच्याबरोबर बसून अर्ज वाचणे कष्टाचे. परिचर्या परिषदेचे दाखले जिल्ह्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवसांत मिळावेत आणि प्रशिक्षणाचे तास जिल्हा रुग्णालयात विनामूल्य पूर्ण करता यावेत, या मागण्या परदेशी जाणारीच्या आहेत तितक्याच येथे राहणारीच्याही आहेत. दोघींना वेगळे पाडण्यात फायदा फक्त मालकाचा आहे.

आणि हिंगोलीच्या नव्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात परिचारिकांची पदे किती मंजूर आहेत, कायम किती भरली आणि कंत्राटी किती, हे तीन आकडे माहितीच्या अधिकाराखाली आता मागवावेत. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.