सायकल घेण्यापूर्वी जिना पाहावा

ठाकूरद्वारापासून फोर्टातील कचेऱ्यांपर्यंतचा रस्ता तीन किलोमीटरांच्या आतला आहे, लालबागेतून लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात, जेथे आता गिरणीच्या भोंग्याऐवजी काचेच्या दारांची कार्यालये आहेत, तेथे पोहोचण्यास तेवढेही अंतर तुडवावे लागत नाही, आणि दादरच्या हिंदू कॉलनीतून परळच्या इस्पितळांत कामास जाणाऱ्यांचीही स्थिती याहून फारशी निराळी नाही. असे असूनही बस, लोकल, टॅक्सी आणि हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल या साऱ्यांचा विचार करून झाल्यावरच ज्या वाहनाचे नाव मध्यमवर्गीय मुंबईकराच्या ओठांवर येते, ते वाहन सायकल होय. अलीकडे मात्र ते नाव थोडे अधिक वेळा येऊ लागले आहे, आणि ज्यांच्या ओठांवर ते येते ते गृहस्थ पहिल्याच रविवारी दुकानात जाऊन, दर्शनी भागात मांडलेली, एकवीस गिअरांची, पुढे-मागे स्प्रिंगा बसविलेली एखादी भडक सायकल घेऊन घरी येतात. पुढच्या आषाढापर्यंत ती जिन्याखाली गंजत पडते, आणि दोष सायकल या वाहनाच्याच माथी मारला जातो.

सायकलीची निवड दुकानाची पायरी चढण्यापूर्वी, स्वतःच्या घराच्या जिन्यापाशी उभे राहून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गिरगावातील चाळीचा लाकडी, अरुंद आणि मध्येच काटकोनात वळणारा जिना ज्याला रोज दोनदा चढउतार करावयाचा आहे, आणि जिन्याखालची जागा विजेच्या मीटरांनी व कोणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकांनी कायमची व्यापलेली आहे, त्याने वीस किलोंच्या आसपास भरणारी जुन्या धाटणीची पोलादी सायकल घेणे म्हणजे महिन्याभरात तिचा त्याग करण्याचीच तजवीज करणे होय. त्याने बारा-तेरा किलोंची, अॅल्युमिनियमच्या फ्रेमची, सरळ हँडलाची सायकल घ्यावी आणि जास्तीच्या किमतीकडे पाठीच्या कण्याचा विमा म्हणून पाहावे. उलट ज्याची खोली तळमजल्यावर आहे किंवा ज्याच्या वाडीत रात्री फाटक लागते, त्याला हलकेपणाचे मोल देण्याचे कारण नाही. साधी, जड, काळी सायकल चोरालाही फारशी मोहात पाडत नाही, हा तिचा आणखी एक गुण.

गिअरांविषयी दुकानदार जे सांगतात, त्यातील बराचसा भाग या बेटाच्या भूगोलाने आपोआप निकालात काढला आहे. मलबार हिल आणि खंबाला हिल वगळली, तर कुलाब्यापासून दादरपर्यंतची मुंबई बहुतांशी सपाट आहे. चढ म्हणावा तो टिळक पुलाचा किंवा करी रोडच्या पुलाचा, आणि तेवढ्यासाठी एकवीस गिअरांचे लटांबर वर्षभर वागविणे हे मला अविचाराचे वाटते. स्वस्त गिअर सायकलीचा मागचा, गिअर बदलणारा नाजूक सांगाडा गर्दीच्या स्टँडवर एका धक्क्याने वाकतो, तिच्या पुढच्या फोर्कातील स्प्रिंगा वजन तेवढे वाढवितात आणि दोन पावसाळ्यांत गंजून घट्ट बसतात. या बाबतीत मुंबईच्या डबेवाल्यांची साक्ष मी कोणत्याही जाहिरातीपेक्षा ग्राह्य मानतो. 1890 च्या सुमारास सुरू झालेल्या या व्यवसायात, वेळ चुकली तर कोणाचे तरी जेवण चुकते, आणि अशा कामासाठी ही माणसे आजही दांड्याची, बिनगिअरची, मजबूत कॅरियरची सायकलच वापरतात.

या साध्या सायकलीचे दुसरे बळ म्हणजे तिचे सुटे भाग कोठेही मिळतात. वरळीला एके काळी हिंद सायकल्सचा कारखाना होता, 1980 साली कायदा करून सरकारने तो ताब्यात घेतला आणि कालांतराने त्याचे चाक थांबले. अॅटलास कंपनीने साहिबाबादचा आपला कारखाना 2020 च्या जून महिन्यात बंद केला. पण या बंद पडलेल्या कारखान्यांच्या सायकली आजही रस्त्यावर धावतात, कारण त्यांना लागणारी चेन, फ्रीव्हील, कॉटर पिन आणि छर्रे लुधियानाच्या मालातून आजही सहज बसविता येतात. म्हणून सायकल घेण्याआधी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला विचारावे, की अमुक प्रकारची सायकल बिघडली तर तो हात लावील काय. त्याने नकारार्थी मान हलविली, तर ती कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

मात्र जुन्या सायकलीचे एक वैगुण्य तिच्या कैवाऱ्यांनीही कबूल केले पाहिजे, आणि ते या शहरात प्राणांशी गाठ घालणारे आहे. सळ्यांच्या ब्रेकाचे रबरी गुटके चकचकीत पोलादी रिमवर कोरड्या दिवसांत ठीक धरतात, परंतु रिम ओली झाली की त्यांची पकड इतकी सुटते की हिंदमाताच्या चौकात बेस्टची बस अकस्मात थांबली असता सायकलस्वारापाशी बुटांखेरीज दुसरा ब्रेक उरत नाही. ज्याला चारही महिने पावसात जावयाचे आहे त्याने अॅल्युमिनियमची रिम आणि तारेचे ब्रेक, किंवा ऐपत असल्यास डिस्क ब्रेक, यांचाच आग्रह धरावा. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि चेनला झाकण हवे, कारण त्यांच्याविना कार्यालयात पोहोचणाऱ्याच्या पाठीवर चिखलाची जी रेघ उमटते, ती पाहून साहेब काही बोलत नाहीत, पण शिपाई हसतो. तुंबलेल्या पाण्यातून सायकल नेली असेल, तर चाकांचे कोन उघडून आतले ग्रीस बदलून घ्यावे.

टायरांचीही गोष्ट अशीच. ट्राम चालू होती तोवर, म्हणजे 1964 च्या 31 मार्चपर्यंत, तिच्या रुळांच्या खाचेत पुढचे चाक अडकणे हे सायकलस्वारावरचे मोठे संकट होते. रूळ गेले, पण पेव्हर ब्लॉकांच्या फटी, गटारांच्या लोखंडी जाळ्या आणि काँक्रीटच्या पट्ट्यांमधील सांधे यांनी ती परंपरा निष्ठेने चालविली आहे. शर्यतीच्या सायकलीचा पंचवीस मिलिमीटरांचा टायर येथे निरुपयोगी. दीड इंची, म्हणजे अडतीस-चाळीस मिलिमीटरांचा टायर असावा.

आता जुन्या सायकलीच्या खरेदीविषयी. त्याच रकमेत मिळणाऱ्या स्वस्त नव्या सायकलीपेक्षा चांगली जुनी सायकल केव्हाही श्रेयस्कर, पण ती पारखून घेतली पाहिजे. प्रथम हँडलाखालच्या सांध्याजवळ दोन्ही नळ्यांवरून बोट फिरवावे. तेथे रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला, तर ती सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे असे समजून पुढची चौकशी थांबवावी. मग चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या गुटक्यापाशी रिम डोलते काय ते पाहावे. थोडा आउट मिस्त्री काढून देतो, पण स्पोक गंजले असतील तर खर्च वाढतो. पेडलाचा दांडा धरून आडवा हलवावा, सीटची नळी वरखाली सरकते की गंजून जाम झाली आहे ते तपासावे, आणि बारा इंचांची पट्टी चेनला लावावी: नव्या चेनच्या पिना बरोबर बारा इंचांवर जुळतात, अष्टमांश इंचाहून अधिक फरक आढळला तर चेन गेली, आणि बहुधा तिच्यासोबत फ्रीव्हीलही. रंगाची चर्चा मी करीत नाही. ती घरातील मुलांवर सोपवावी. परंतु सायकल जुनी आणि रंग ताजा असेल, तर मात्र संशयास जागा आहे.

कारण सायकलीला मोटारीसारखी सरकारदप्तरी नोंद नसते. मालकीचा दाखला म्हणून कारखान्याने फ्रेमवर ठोकलेला क्रमांक आणि मूळ दुकानाची पावती, एवढेच काय ते दस्तऐवज. चोर बाजारात शुक्रवारी पहाटे हिंडणे हा एक रम्य छंद आहे, मीही तो केला आहे, पण रोजच्या वापराचे वाहन तेथे घेऊ नये. 1930 च्या मालविक्री अधिनियमाचे सामान्य तत्त्व असे की विकणाऱ्याची मालकी नसेल तर घेणाऱ्यालाही ती मिळत नाही, आणि माल चोरीचा आहे हे ठाऊक असता किंवा तसे मानण्यास सबळ कारण असता तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेचे 317 वे कलम उभे राहते. सबब विक्रेत्याचे नाव, पत्ता, सायकलीचा क्रमांक आणि रक्कम यांचा तपशील लिहून सही घ्यावी; ओळखीच्या माणसाकडूनही घ्यावी.

एवढे करून सायकल घरी आली, तरी तिला उभी करण्याचा प्रश्न राहतोच. मुंबईच्या किनाऱ्यालगत हजारो कोटी रुपये खर्चून जो नवा रस्ता बांधला गेला, त्यावर सायकलला प्रवेश नाही, यावरून शासनाच्या मनातील तिचे स्थान उघड आहे. पण सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या गृहनिर्माण संस्थांचे उपविधी चाळावेत. लालबाग-परळच्या चाळी पडून मनोरे उभे राहत आहेत, त्यांत मोटारींसाठी मजलेच्या मजले राखले जातात आणि सायकल लिफ्टमध्ये नेऊ पाहणाऱ्याला पहारेकरी अडवितो. ज्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा करारनामा अजून सह्यांसाठी फिरतो आहे, त्यांनी तळमजल्यावर छप्पर असलेली, कुलूप घालण्यास लोखंडी दांडे रोवलेली सायकलींची जागा नकाशात दाखवून घ्यावी, आणि ती दाखविल्याखेरीज सही करू नये.